खड्ड्यातून निघालेलं शहर: माल्टाचं व्हॅलेटा कसं बांधलं आहे

व्हॅलेटातल्या जुन्या घराच्या चौकात कोपऱ्याला एक दगडी काठाचं तोंड असतं, त्यावर झाकण. झाकण सरकवून आत विजेरी मारली की खडकात कोरलेली मोठी पोकळी दिसते. तोंड जेमतेम बादली जाईल एवढं आणि खाली पोट फुगलेलं, रांजणासारखं. माल्टाची माणसं तिला ‘बीर’ म्हणतात. तिला झरा नाही, म्हणून विहीर म्हणणं चूक. ते पावसाच्या पाण्याचं टाकं आहे. आणि त्या घराच्या भिंतीतला बराच दगड याच पोकळीतून वर आलेला आहे.

आधी खणायचं, निघालेल्या दगडाचं घर उभारायचं, आणि मागे उरलेल्या खड्ड्यात त्याच घराच्या छपराचं पाणी साठवायचं. एवढा हिशोब डोक्यात बसला की बाकीचं शहर वाचणं सोपं जातं. तटाबाहेरचा खंदक हीसुद्धा एक खाणच आहे. तिथला दगड काढून काठावर बुरुज रचला. व्हॅलेटाची चित्रं पाहून वाटतं की एका टेकडीवर कुणी सोनेरी शहर आणून ठेवलं. प्रत्यक्षात टेकडीच कापून, उलटीपालटी करून तिचं शहर केलं आहे.

टेकडी का घेतली

सिसिलीच्या दक्षिणेला, सुमारे ९० किलोमीटरवर माल्टा. ऱ्होड्स बेट ऑटोमन तुर्कांनी घेतल्यावर सेंट जॉनच्या नाइट्सना, म्हणजे शस्त्र बाळगणाऱ्या ख्रिस्ती धर्मसंघाला, १५३० मध्ये हे बेट मिळालं. ते राहिले बिर्गू या जुन्या गावात, खाडीच्या काठाला. समोर शिबेरासची उघडी टेकडी समुद्रात घुसलेली, जिभेसारखी. तिच्या एका अंगाला ग्रँड हार्बर, दुसऱ्या अंगाला मार्सामशेटचं बंदर, आणि टोकावर सेंट एल्मो हा छोटा चांदणीच्या आकाराचा किल्ला.

१५६५ च्या वेढ्यात तुर्कांनी हीच टेकडी धरली आणि वरून तोफा डागल्या. सेंट एल्मो जवळजवळ महिनाभर झुंजला आणि जूनमध्ये पडला. बिर्गू वाचलं, सप्टेंबरात वेढा उठला, पण धडा स्पष्ट होता: टेकडी ज्याची, त्याची दोन्ही बंदरं. नाइट्सचे प्रमुख, म्हणजे ग्रँड मास्टर, जाँ द ला व्हॅलेट यांनी तिथंच नवं शहर बांधायचं ठरवलं. पोप पायस चौथे यांनी आपला लष्करी अभियंता पाठवला, कोर्तोना गावचा फ्रांचेस्को लापारेल्ली. तो १५६५ च्या डिसेंबरात पोचला आणि २८ मार्च १५६६ ला पायाचा दगड बसला. तुर्क पुन्हा येणार अशी धास्ती होती, म्हणून ही घाई. या घाईच्या खुणा शहरात अजून आहेत, त्यांच्याकडे येऊच.

जमिनीकडची बाजू: कोनांचं गणित

तीन बाजूंना समुद्र आहे. शत्रूला पायी यायचं तर जिभेच्या मुळाशी, म्हणजे जमिनीच्या बाजूनेच यावं लागतं. म्हणून लापारेल्लीने सगळी ताकद तिथं लावली. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत खडकात खंदक, आणि त्याच्या आतल्या अंगाला चार मोठे बुरुज. मार्सामशेटकडून मोजत आलं तर सेंट मायकेल, सेंट जॉन, सेंट जेम्स, आणि ग्रँड हार्बरच्या डोक्यावर सेंट पीटर आणि पॉल. वेस मधल्या दोघांच्या मध्ये.

हे बुरुज गोल नाहीत, टोकदार आहेत. आपल्या बहुतेक गडांवरचे बुरुज गोल असतात, त्यामुळे फरक समजायला सोपा पडेल. गोल बुरुजाच्या पायथ्याशी, अगदी समोर, अशी एक जागा उरते जी शेजारच्या बुरुजावरून दिसत नाही. तिथं पोचलेला माणूस सुरक्षित. तो शिडी लावू शकतो, सुरुंग खोदू शकतो. ही आंधळी जागा घालवायची तर बुरुजाला चार सरळ कडा द्याव्या लागतात: दोन पुढे, टोकाला भेटणाऱ्या, दोन मागे, तटाला चिकटलेल्या. मागच्या दोन म्हणजे बगला. बगलेतल्या तोफा पुढच्या मैदानाकडे रोखलेल्या नसतातच. त्या तटाला समांतर, शेजारच्या बुरुजाच्या कडेवर रोखलेल्या असतात. प्रत्येक बुरुज शेजाऱ्याची राखण करतो आणि स्वतःची शेजाऱ्यावर सोपवतो. कागदावर दोन बुरुज काढा, एकाच्या बगलेपासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत पट्टी लावा. पट्टी कडेला चिकटून गेली तर आखणी बरोबर. मध्ये रिकामी जागा राहिली तर तिथं शत्रू बसणार.

बगलेतली तोफ समोरून दिसू नये म्हणून बुरुजाच्या खांद्याला गोलसर फुगवटा ठेवतात. तोफ त्याच्या आड. शत्रू खंदकात उतरेपर्यंत तिचं तोंडही दिसत नाही.

ही इटालियन आखणी मराठी माणसाला अगदीच परकी नाही. वसईचा पोर्तुगीज कोट असाच टोकदार बुरुजांचा आहे, आणि त्याची कमजोरी कुठे हे चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ च्या मे महिन्यात दाखवून दिलं. तोफांनी जे जमलं नाही ते बुरुजाखालच्या सुरुंगांनी केलं. व्हॅलेटात हाच सुरुंग लावणं महाकठीण, कारण इथल्या बुरुजांचा खालचा भाग बांधलेला नाहीच. खंदक खोदताना जो खडक मागे सोडला तोच बुरुजाचा पाय. वर तेवढी चिरेबंदी चढवली आहे. वेशीच्या पुलावर उभं राहून खाली डोकावलं तर ती शिवण नीट दिसते: खाली सांधे नसलेला अखंड खडक, त्यावर छिन्नीचे तिरके ओरखडे, आणि मग एका उंचीपासून दगडांचे थर सुरू. ही शिवण सगळीकडे एका पातळीत नाही, कारण टेकडीचा माथा जिथं जसा होता तिथं तसा खडक मिळाला आणि उरलेली उंची बांधून काढली. खंदकाची खोली चार-पाच मजली इमारत आत उभी राहील एवढी आहे.

वेशीच्या दोन्ही बाजूंना बुरुजांच्या मागे आणखी दोन अवाढव्य ठोकळे दिसतात. ते सेंट जेम्स आणि सेंट जॉन कॅव्हलियर. कॅव्हलियर म्हणजे बुरुजाच्या पाठीवर उभारलेला दुसरा, जास्त उंच तोफमंच. पुढच्या बुरुजाच्या डोक्यावरून लांब मारा करायचा, आणि बुरुज पडला तर तिथं शिरलेल्या शत्रूवर वरून आग ओतायची, असं त्याचं दुहेरी काम. असे नऊ बांधायचे होते, झाले दोनच. सेंट जेम्सच्या आत आज कलादालन आहे. तिथं गेल्यावर लक्षात येतं की एवढ्या मोठ्या इमारतीत खोल्या अगदी थोड्या आहेत. निम्मा ठोकळा ठासून भरलेल्या मातीचा आहे, आणि उरलेल्या जागेत तोफा ओढत वर न्यायचा उतार. मातीचं कारण साधं आहे. गोळा दगडावर आदळला की दगड फुटतो आणि त्याच्या कपच्या आपल्याच माणसांना लागतात. मातीत तो रुततो.

टेकडी सपाट करायची होती

नकाशावर व्हॅलेटा बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं. सरळ उभे रस्ते वेशीपासून सेंट एल्मोपर्यंत, सरळ आडवे रस्ते एका बंदरापासून दुसऱ्या बंदरापर्यंत. नकाशावर भुलून आडव्या रस्त्याला लागलात तर पायऱ्या लागतात, आणि संपतच नाहीत. मधला रिपब्लिक स्ट्रीट टेकडीच्या पाठीच्या कण्यावर आहे; तिथून दोन्हीकडे उतार.

मूळ बेत टेकडीचा माथा कापून पठार करायचा आणि त्यावर पट आखायचा असा होता. निघालेला दगड बांधकामाला लागलाच असता. पण वर्षानुवर्षं खाणकाम करत बसायला सवड नव्हती. तट आधी उभा राहायला हवा होता. मग पट तसाच उंचसखल जमिनीवर पसरला आणि जिथं उतार जास्त तिथं पायऱ्या आल्या. सरळ रेषेचा हट्ट सोडून रस्ते वळवले असते तर चढ सौम्य झाला असता, गाड्या चालल्या असत्या. पण वळणाच्या रस्त्यात तटावरून तटावर माणसं पटकन हलवता येत नाहीत आणि नजरही पोचत नाही. लष्करी अभियंत्याने अभियंत्यासारखा निर्णय घेतला. गुडघे राहणाऱ्यांचे गेले.

अर्धवट राहिलेलं दुसरं काम जास्त महागात पडलं. मार्सामशेटच्या बाजूला गलबतांसाठी एक छोटं बंदर शहराच्या आतच खोदायचं होतं. खाण तीच आणि बंदरही तेच, असा पुन्हा दुहेरी हिशोब. खणायला सुरुवात झाली, पण समुद्राच्या पातळीपर्यंत काम पोचलंच नाही. मागे राहिला तो नुसता खोल खड्डा. रिकामी जागा पाहून गरिबांनी त्यात दाटीवाटीने घरं बांधली. ही मांद्राज वस्ती. पटाची शिस्त तिथं लागूच झाली नाही. हवा नाही, ऊन नाही, सांडपाणी जायला उतार नाही. रोगराईसाठी ती तीन-साडेतीन शतकं बदनाम राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती पाडून तिथं नव्या चाळवजा इमारती बांधल्या.

पटाचा एक फायदा मात्र खरा आहे. ही जीभ नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे पसरली आहे, म्हणजे आडवे रस्ते वायव्येकडून आग्नेयेकडे जातात. माल्टात सर्वांत जास्त वाहणारा वारा वायव्येचा, ‘मज्जिस्त्राल’. तो मार्सामशेटवरून येऊन एकेका गल्लीतून आरपार जातो. पण गल्लीला दोन तोंडं असतात. आग्नेयेकडून सिरोको सुटला की आफ्रिकेची गरमी आणि समुद्राची ओल घेऊन तो ग्रँड हार्बरच्या बाजूने त्याच गल्लीत शिरतो आणि भिंतींना घाम फुटतो. नाइट्सचं नावाजलेलं इस्पितळ, १५७४ मध्ये सुरू झालेलं, नेमकं याच बाजूला आहे. जहाजावरचे आजारी पटकन आत आणता यावेत म्हणून ती जागा निवडली. त्याचा मोठा वॉर्ड १५५ मीटर लांब. सोय बंदराची झाली, वारा मात्र चुकीचा मिळाला.

दगड आणि छप्पर

इथल्या पिवळसर दगडाला भूशास्त्रात ग्लोबिजेरिना चुनखडी म्हणतात. सूक्ष्म समुद्री जिवांच्या कवचांचा तो गाळ. बांधकामाच्या चांगल्या प्रतीला माल्टात ‘फ्रांका’ म्हणतात. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की करवतीने कापता येतो. मग हवा लागते, आतली ओल पृष्ठभागाकडे येऊन सुकते, सोबत आलेला चुना बाहेर साठून पापुद्रा बनतो आणि दगड बाहेरून टणक होतो. कोकणातल्या जांभ्याचं वागणं काहीसं असंच, मऊ चिरा काढायचा आणि हवेवर पक्का होऊ द्यायचा. त्यामागची रसायनं वेगळी, गवंड्याला कळणारी गोष्ट एकच. नक्षी काढायची ती आधी काढून घ्यायची. एकदा पापुद्रा धरला की तो खरवडायचा नाही.

जमिनीलगत, जिथं ओल वर चढते, तिथं जमेल तेव्हा कठीण कोरल चुनखडी वापरत. ती फोडायला जड, घडवायला जड, म्हणून तिचा वापर मोजका.

भिंत दोन पदरी असते. बाहेर घडीव दगडाचा एक पदर, आत दुसरा, मधल्या फटीत कपच्या आणि माती. अधूनमधून दोन्ही पदरांना शिवणारा लांब दगड आरपार घालायचा. तो घालण्यात कंजुषी झाली, आणि वरून पाणी फटीत शिरलं, की आतली माती खाली बसते, तळाशी दाब वाढतो आणि भिंतीला पोट येतं. पोट आलेल्या भिंतीला बाहेरून गिलावा चोपडणं हे ताप आलेल्याला पावडर लावण्यासारखं आहे. आधी वरची गळती बंद करायची, मग पदर पुन्हा शिवायचे.

खरी अडचण छपराची. बेटावर मोठी झाडं नाहीत. लाकूड जहाजाने यायचं आणि महाग पडायचं. दगड मुबलक, पण दगडाला दाब सोसतो, वाक सोसत नाही. दगडाची लांब फळी दोन टोकांवर टेकवली तर खालच्या बाजूने ती ताणली जाते आणि मध्येच मोडते. या चुनखडीच्या छपरी फरशीला, ‘शोरोक’ला, दीड मीटरच्या आसपास अंतर झेपतं, फार फार तर थोडं जास्त. खोली चार-पाच मीटर रुंद हवी असेल तर काय करायचं? खोलीच्या रुंदीवर दर दीड मीटरला एक दगडी कमान टाकायची आणि कमानींच्या पाठीवर फरशा टेकवायच्या. ऐपत असेल तर कमानींऐवजी लाकडी तुळया. म्हणून माल्टातल्या जुन्या घरात मान वर करून कमानींमधलं किंवा तुळयांमधलं अंतर पाहिलं की ते जवळजवळ सगळीकडे सारखंच दिसतं. ते अंतर घरमालकाच्या आवडीने ठरलेलं नाही, फरशीने ठरवलेलं आहे.

फरशांवर दगडाचा चुरा पसरून उतार काढतात आणि सर्वांत वर ‘देफ्फून’चा थर. फुटक्या मडक्यांचा चुरा, विझवलेला चुना आणि पाणी. आपल्याकडे सुरखी-चुन्याचा कोबा करत असत, जवळपास तीच कृती, आणि कारणही तेच: भाजलेल्या मातीची भुकटी चुन्याशी जोडली जाते आणि ओल्यातही घट्ट होते. थर ओला असतानाच लाकडी चोपण्यांनी सतत चोपायचा. धुमस मारून कोबा बसवलेली माणसं अजून खेड्यात भेटतात, त्यांना हे सांगावं लागणार नाही. चोपणं कमी पडलं तर आत पोकळ्या राहतात. उन्हात भरभर सुकला तर केसासारख्या चिरा पडतात, म्हणून वरून ओलं झाकण ठेवायचं. कठड्याच्या मुळाशी काटकोन ठेवायचा नाही, गोलसर वाटा मारायचा. छपराची गळती दहापैकी आठ वेळा त्या कोपऱ्यात सुरू होते. धाब्याचं घर पाहिलेल्याला हे सगळं ओळखीचं वाटेल, फक्त पांढऱ्या मातीच्या जागी मडक्यांचा चुरा.

छपराचा उतार पन्हळीकडे, पन्हळ भिंतीतल्या भाजक्या मातीच्या नळात, नळ खाली बीरमध्ये. माल्टात वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक हिवाळी महिन्यांत. १०० चौरस मीटरच्या छपरावर तो ५५,००० लिटर होतो. उडालेलं, सांडलेलं, पहिल्या पावसात छप्पर धुऊन जाऊ दिलेलं असं पाचवा हिस्सा सोडला तर ४४,००० लिटर हाती येतात. म्हणजे रोजचे १२० लिटर, वर्षभर. आजच्या फ्लॅटला ते पुरणार नाही, पण बादलीने पाणी शेंदणाऱ्या कुटुंबाला पुरतं. बीरला आतूनही देफ्फूनचाच लेप. तोंड लहान ठेवलं की उजेड जात नाही, उजेड नाही म्हणून शेवाळ नाही.

घर बांधायचे नियम

शहरात जागा घेणाऱ्यावर संघाच्या कार्यालयाने अटी घातल्या होत्या. प्रत्येक घराला टाकं सक्तीचं. सांडपाणी रस्त्याखालच्या गटाराला जोडणं सक्तीचं. ही गटारं आधी खडकात कोरली आणि मग वर रस्ते केले. घरापुढे बाग किंवा अंगण सोडायचं नाही, भिंत थेट रस्त्याच्या रेषेवर. बाहेर आलेली पायरी नको. आणि घर कोपऱ्यावरचं असेल तर कोपरा सजवायचा. आज व्हॅलेटाच्या नाक्यानाक्यावर भिंतीच्या कोनात संतांच्या मूर्ती आणि देवळ्या दिसतात, त्यामागे भक्ती आहेच, पण मुळात ती बांधकाम परवान्याची अटही होती. सोळाव्या शतकात टाकं आणि गटार जोडल्याशिवाय घर नाही, हे वाचून आपल्याकडच्या वाढीव वस्त्यांची आठवण न होणं अवघड.

एक बेत मात्र सोडून दिला. ऱ्होड्सला नाइट्सची वस्ती वेगळ्या कोटात होती. इथंही तसा बंदिस्त भाग करायचा विचार होता, तो मागे पडला. त्यामुळे प्रोव्हान्स, इटली, कास्तील अशा निरनिराळ्या प्रांतांच्या नाइट्सची वसतिगृहं, ज्यांना ओबेर्ज म्हणतात, ती शहरभर विखुरली आहेत.

कासारचं शहर

लापारेल्ली तट आखून निघून गेला आणि १५७० मध्ये क्रीटमध्ये वारला. आतलं शहर उभं केलं त्याच्या हाताखालच्या माल्टीज माणसाने. जिरोलामो कासार. सात ओबेर्ज त्याच्या, ग्रँड मास्टरचा राजवाडा त्याचा, सेंट जॉनचं मुख्य चर्चही त्याचंच. नाइट्सनी १५७१ च्या मार्चमध्ये बिर्गू सोडून इथं बिऱ्हाड आणलं तेव्हा यातलं बरंचसं अजून व्हायचं होतं.

कासार मूळचा लष्करी बांधकामाचा, आणि ते लपत नाही. त्याच्या इमारतींच्या कोपऱ्यांवर खडबडीत मोठाले दगड असतात, बुरुजाच्या कडेसारखे. सेंट जॉनचं चर्च बाहेरून शस्त्रागार वाटावं इतकं कोरडं आहे. आत लांबलचक एकसंध घुमटी छत, म्हणजे अर्ध्या पिंपासारखी कमान. असं छत सतत भिंतींना बाहेर ढकलत असतं. दोन्ही बाजूंना जी छोटी प्रार्थनागृहं आहेत त्यांच्यामधल्या जाड आडव्या भिंती हा धक्का झेलतात. म्हणजे प्रार्थनागृहांची रांग हाच टेकू. बाहेरून धिरे द्यावे लागले नाहीत.

आतली सोनेरी नक्षी शतकभरानंतरची. मातिया प्रेती या चित्रकाराने १६६१ ते १६६६ या काळात छत रंगवलं, आणि ओल्या गिलाव्यावर न रंगवता थेट दगडावर तैलरंगात. भिंतींवरची वेलबुट्टीही वेगळी करून डकवलेली नाही, जागेवरच भिंतीच्या दगडात कोरली आहे. मऊ फ्रांकाचा हा सर्वांत मोठा उपयोग, आणि सर्वांत मोठी जोखीमही, कारण भिंतीत ओल शिरली तर नक्षी भिंतीसकट जाते. जमिनीत सुमारे चारशे नाइट्सच्या रंगीत संगमरवरी समाध्या आहेत. टाचेच्या चपलांनी तिथं जाऊ देत नाहीत, ते योग्यच आहे.

पुढची भर थोडक्यात. पावसाच्या पाण्यावर वाढत्या शहराचं भागेना, म्हणून १६१० ते १६१५ मध्ये सुमारे १६ किलोमीटरचा जलमार्ग बांधून रबातच्या उंचवट्यावरचं पाणी शहरात आणलं. १६३४ मध्ये शहरातल्याच तोफांच्या दारूच्या कारखान्यात स्फोट होऊन माणसं मेली आणि शेजारच्या इमारती हादरल्या. दाट वस्तीत दारू कुटायची नाही एवढं त्यातून कळलं आणि कारखाना पुढे फ्लोरियानात गेला. फ्लोरियाना म्हणजे १६३० च्या दशकात खंदकाबाहेर घातलेल्या दुसऱ्या तटाच्या आतली वस्ती. लांब पल्ल्याच्या तोफा आल्या की पहिला तट जवळ पडतो, म्हणून पुढे दुसरा. रंगीत बंद लाकडी सज्जे, ज्यांचे फोटो सगळे काढतात, ते बरेच नंतरचे. गल्लीतल्या वाऱ्याला तीन बाजूंनी खिडकी मिळते हा त्यांचा उपयोग.

हा तट कुणी चढून घेतलाच नाही. १७९८ च्या जूनमध्ये नेपोलियन आला तेव्हा नाइट्सनी काही दिवसांतच शरणागती लिहून दिली. मग माल्टीज लोक उठले, ब्रिटिश आरमार आलं, आणि आत अडकलेली फ्रेंच फौज १८०० च्या सप्टेंबरपर्यंत टिकली. भिंती शाबूत होत्या, धान्य संपलं. सेंट एल्मोसमोर आणि फ्लोरियानात जमिनीवर ओळीने गोल दगडी झाकणं दिसतात, ती धान्याची पेवं. आपल्याकडच्या पेवासारखीच, वर अरुंद, खाली रुंद, खडकात कोरलेली. पुन्हा तोच बीरचा आकार, फक्त कोरडा.

काय बिघडतं, आणि का

व्हॅलेटात फिरताना काही भिंती मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या खाल्लेल्या दिसतात आणि शेजारचाच दगड नवा असल्यासारखा. दोन्ही एकाच वर्षी बसवलेले असतात. खाल्लेला तो ‘सोल’, ग्लोबिजेरिनाचीच हलकी, मातीचं प्रमाण जास्त असलेली जात. ताज्या खाणीत दोन्ही सारखेच दिसतात. फरक ओळखायचा तो जुन्या हाताने.

खाणारा असतो समुद्राचं मीठ. खारी ओल दगडाच्या छिद्रांत शिरते, ऊन पडलं की पाणी उडतं आणि मिठाचे स्फटिक छिद्रात वाढतात. ते आतून रेटा देतात. रोज ओलं-सुकं, ओलं-सुकं. शेवटी पापुद्रा सुटतो आणि आतला मऊ दगड उघडा पडतो. मग वेग वाढतो. कोपऱ्यात दगडाची पिठी साठलेली दिसली तर समजा की काम चालू आहे.

हे थांबवायच्या नादात गेल्या शतकात सिमेंटने सांधे भरले गेले. चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊ आणि छिद्रं असलेला. ओल आणि मीठ सांध्यातून बाहेर पडायचं, सांधा झिजायचा, आणि तो दर काही वर्षांनी पुन्हा भरायचा. सिमेंट पाण्याला वाट देत नाही. मग तेच मीठ शेजारच्या दगडातून बाहेर पडतं. परिणाम कुठल्याही गल्लीत बघायला मिळतो: सिमेंटची जाळी जशीच्या तशी उभी आणि तिच्या चौकटींतले दगड दोन-दोन बोटं आत गेलेले. दुरुस्ती करायची तर सिमेंट हळू हाताने छिन्नीने काढायचं, यंत्राने नाही, कारण यंत्राची थरथर दगडाच्या कडा उडवते. मीठ कागदाच्या लगद्याच्या ओल्या लेपाने ओढून घ्यायचं. लेप सुकला की काढून पुन्हा लावायचा, दोनदा, तीनदा. मग चुन्याने सांधा.

दुसरा शत्रू लोखंड. ब्रिटिश काळात लाकडी तुळयांच्या जागी लोखंडी गर्डर आले. खाऱ्या हवेत ते गंजतात, गंज मूळ लोखंडापेक्षा जागा जास्त मागतो, आणि त्यावर टेकलेली फरशी टोकाशी फुटते. छताला गर्डरच्या रेषेत सरळ चीर दिसली तर रंगाच्या डब्याकडे हात नेऊ नये.

तिसरी गोष्ट साधी आणि सर्वांत जास्त घडणारी. नळाचं पाणी आल्यावर बीर विस्मरणात जातात. कुणी त्यावर फरशी घालतं, कुणी छपराचा नळ तोडून रस्त्यावर सोडतं. देफ्फूनवर डांबरी पत्रा चिकटवतात, तो दोन उन्हाळ्यांत फुगतो आणि त्याखाली पाणी अडकतं. रस्त्यावर सोडलेलं पाणी पायऱ्यांवरून खालच्या घरांकडे धावतं, कारण टेकडी सपाट झालेलीच नाही. वापरात नसलेलं टाकं पूर्ण भरलं तर ते भिंतीच्या पायाला ओल देत राहतं. म्हणून इथलं जुनं घर घेणारा जाणता माणूस आधी चौकातलं झाकण उघडून दोरीला दगड बांधून आत सोडतो. पाण्याची पातळी पाहतो, काठावरच्या खुणेवरून ती कुठवर चढत असेल ते पाहतो, आणि मग त्याच उंचीला शेजारच्या भिंतीवर हात फिरवून बोटांना पिठी लागते का ते बघतो.